काम आहे का, एवढंच विचारायचं असतं

पेणमध्ये वाढलेल्या बऱ्याच मुलामुलींना पहिली कमाई गणपती देतो. दहावीचे पेपर संपतात, सुटी लागते आणि नेमक्या त्याच दिवसांत गणपतीच्या कारखान्यांना हात कमी पडू लागतात. परदेशी जाणाऱ्या मूर्ती बोटीने जायच्या असल्यामुळे कधीच बांधून गेलेल्या असतात, पण मुंबई-पुण्याच्या ऑर्डरी उभ्या असतात. एकदा पाऊस लागला की मूर्ती वाळता वाळत नाहीत, म्हणून मे महिन्यात सगळ्यांचीच घाई. शहरात कुंभार आळी, कासार आळी, बाहेर हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत, जिकडे जावं तिकडे पडवीत फळ्यांवर मूर्ती मांडलेल्या. अशा ठिकाणी एखादी मुलगी काम शोधायला निघाली तर दोन दिवसांत तिला काम मिळावं. माझी निम्मी सुटी त्यात गेली, कारण मला कुणाला विचारताच येत नव्हतं.

आता मी रोह्याजवळ धाटावच्या औद्योगिक वसाहतीत एका रासायनिक कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. बरीच वर्षं झाली. नव्या मुलामुलींना घेताना टेबलाच्या अलीकडे जे दोन-तीन जण बसतात त्यांत मीही असते. दर वर्षी त्या मुलांमध्ये एखादं तरी पोर असं येतं, की नाव विचारलं तरी त्याचा घसा कोरडा पडतो. माझ्या शेजारच्यांचा हात फाइल मिटायला पुढे होतो. मी ती फाइल मिटू देत नाही. त्यामागे पेणमधली एक सुटी आणि रोह्यातला एक पावसाळा आहे.

माझे वडील रामवाडीला एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. आई घरी पोह्याचे पापड लाटायची आणि ते बाजारातल्या एका दुकानात जायचे. १९९४ साली मी दहावीची परीक्षा दिली. मला अकरावीला सायन्स घ्यायचं होतं. फी, पुस्तकं, जर्नल, प्रॅक्टिकलचा पांढरा कोट असा खर्च समोर होता आणि मागे दोन भावंडं शिकत होती. वडील काही बोलले नव्हते. पण रात्री ते आणि आई हळू आवाजात हिशोब करायचे, ते ऐकू यायचं. सुटीत काहीतरी कमवायचं असं मी मनाशी ठरवलं होतं.

मी अबोल होते असं म्हणणं सौम्य होईल. अनोळखी माणसासमोर माझा आवाजच उमटत नसे. दुकानात गर्दी असली तर ती ओसरेपर्यंत मी बाहेर थांबायची. एसटीत कंडक्टरला गावाचं नाव सांगायचं, तर ते आधी मनात म्हणून बघायची. शाळेत उत्तर येत असूनही हात वर केला नाही, असे तास कितीतरी गेले. घरात मात्र या सगळ्याचं कौतुक होतं. ‘मुलगी कशी शांत आहे, आवाज ऐकायला मिळत नाही,’ असं पाहुणे म्हणायचे आणि आईचा चेहरा खुलायचा. माझा धाकटा भाऊ माझ्यासारखाच होता. त्याला मात्र ‘मुखदुर्बळ आहे, पुढे कसं व्हायचं याचं?’ म्हणून बोलणी बसत. आज विचार करते तेव्हा वाटतं, आमच्या दोघांतली जास्त अडचण माझी होती. त्याच्यात काही कमी आहे हे त्याला निदान कळत होतं. मला तर त्याचीच शाबासकी मिळत होती. ती शाबासकी घराबाहेर, कामाच्या दारात कुठेच चालत नाही, हे मला पंधराव्या-सोळाव्या वर्षी एकदम कळलं.

बाजारपेठेत एका झेरॉक्स-स्टेशनरीच्या दुकानाबाहेर पुठ्ठा टांगलेला होता, ‘कामासाठी मुलगी पाहिजे’. माझं अक्षर चांगलं, हिशोब चांगला. या कामाला मी योग्य आहे, हे मला माहीत होतं. त्या पुठ्ठ्यासमोरून मी किती वेळा गेले असेन! काय बोलायचं तेही पाठ केलं होतं, ‘काम आहे का?’ एका दुपारी दुकान रिकामं बघून आत गेले. मालकांनी मान वर करून विचारलं, “काय पाहिजे?” मी पेनाची रिफिल घेतली, सुटे पैसे दिले आणि बाहेर आले. काही दिवसांनी पुठ्ठा दिसेनासा झाला आणि गल्ल्याशेजारी माझ्याच शाळेतली, खालच्या वर्गातली एक मुलगी उभी होती. ती धीट होती. तिने विचारलं होतं.

त्या मुलीचा मला राग आला नाही. पण एक गोष्ट तेव्हापासून डोक्यात बसली आहे. त्या पुठ्ठ्यावर काम काय, वेळ किती, पगार किती, कुणाला भेटायचं, यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं. सगळं विचारून घ्यायचं होतं. ज्याला विचारता येत नाही, त्याला तो पुठ्ठा आत बोलवत नव्हता.

शेवटी काम मिळालं ते शेजारच्या काकूंमुळे. त्या एका गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला जायच्या. एक दिवस आईजवळ बसल्या असताना माझ्याकडे बघून म्हणाल्या, “घरात बसून काय करतेस? चल उद्या माझ्याबरोबर.” दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या मागून कारखान्यात शिरले. शेठनी एकच प्रश्न विचारला, “कुणाची गं तू?” मी वडिलांचं नाव सांगितलं. “रामवाडीच्या वर्कशॉपचे? बरं. बस तिकडे.” एवढीच माझी मुलाखत झाली.

गणपतीचा कारखाना म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर रंग येतात. नवख्या माणसाच्या वाट्याला आधी येते धूळ. साच्यातून निघालेल्या मूर्तीला सांध्यावर रेघ राहते, कुठे बुडबुड्याचा खड्डा राहतो. तो भरायचा आणि पॉलिश पेपरने घासून काढायचा. केसांत, पापण्यांत, डब्यातल्या पोळीवर सगळीकडे पांढरं व्हायचं. मग मूर्तीला पांढरा हात, मग अंगाचा रंग. तो फवाऱ्याच्या मशीनने मुलगे मारायचे. सोवळं, शेला, आसन, काठ हे ब्रशचं काम बहुतेक बायकांकडे असे. सोनेरी काम त्याहून जाणत्या हातांकडे. आणि सर्वांत शेवटी आखणी, म्हणजे डोळे, भुवया, गंध. ते काम अख्ख्या कारखान्यात एकाच माणसाचं. पेणच्या या कलेत देवधर घराण्याचं नाव आजही आदराने घेतलं जातं. आमचे आखणीकार कुणाच्या हाताखाली शिकले ते मी कधी विचारलं नाही. पण ते ब्रश उचलायचे तेव्हा रेडिओ कुणीतरी आपणहून बारीक करायचं.

मला घासकामानंतर उंदीर मिळाले. नवखीला गणपतीच्या पायाशी बसलेले उंदीर आणि हातातले मोदक रंगवायला देत, कारण तिथे चुकलं तर पुसता येतं. काकूंनी मला एक गोष्ट शिकवली. काठाची रेघ ओढताना श्वास रोखू नकोस, सोडत सोडत ओढ. रोखलास की हात थरथरतो. हे मी हाताने शिकले आणि पुढे बोलतानाही वापरलं.

त्या कारखान्यात मी पहिल्यांदाच अशा ठिकाणी होते जिथे माझं गप्प बसणं कुणाच्या लक्षातही येत नव्हतं. त्याचं कौतुक नव्हतं आणि त्याबद्दल बोलणीही नव्हती. काम पुढे सरकतंय की नाही एवढंच बघितलं जाई. बायका आपसांत भरपूर बोलायच्या. सुनेचं, सासूचं, रॉकेलच्या रांगेचं. मी ऐकायची. कधीतरी एखाद्या गोष्टीवर माझ्याकडे बघून ‘नाही का गं?’ असं कुणी म्हटलं की मी ‘हो’ म्हणायची. त्या ‘हो’चं दोन वाक्यांत कधी रूपांतर झालं, ते मला सांगता येणार नाही.

सुटी संपली, अकरावीला प्रवेश झाला, तरी कॉलेज सुटल्यावर मी जात राहिले. श्रावणाच्या सुमारास गिऱ्हाईकं यायला लागली. शेठना माझं अक्षर ठाऊक झालं होतं. त्यांनी नोंदणीची वही माझ्या हातात दिली. मी नको म्हणणार होते, पण तेही म्हणता आलं नाही. ही वही म्हणजे उभ्या रेघांचं मोठं रजिस्टर होतं. नाव, गाव, उंची, नमुना, सोवळ्याचा रंग, आगाऊ रक्कम, मूर्ती न्यायचा दिवस. मी पहिल्या गिऱ्हाइकासमोर बसले आणि वहीतला पहिला रकाना वाचला, “नाव?” त्यांनी नाव सांगितलं. “गाव?” ते म्हणाले, डोंबिवली. “उंची?” असं करत शेवटच्या रकान्यापर्यंत आले आणि पुढचं माणूस समोर आलं.

मला तेव्हा ते कळलं नव्हतं, पण माझ्या आयुष्यातलं मोठं वळण तेच होतं. अनोळखी माणसाशी काय बोलायचं, हा माझा खरा प्रश्न होता. वहीने तो सोडवून टाकला. माझे प्रश्न आधीच लिहिलेले होते. मी ते कामासाठी विचारत होते, स्वतःसाठी नव्हे. आणि समोरचा माणूस माझ्याकडे बघतही नव्हता, त्याचं सगळं लक्ष मूर्तीकडे. मला आयुष्यभर वाटत आलं होतं की मी तोंड उघडलं की सगळे माझ्याकडे बघणार. कुणी बघत नव्हतं.

चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात मुंबईहून आलेल्या एका बाईंनी मूर्ती बघून आवाज चढवला. त्यांना लाल सोवळं हवं होतं, समोर पिवळं होतं. आजूबाजूची गिऱ्हाईकं वळून बघायला लागली. शेठ बाहेर टेम्पोत मूर्ती चढवत होते. मी वहीचं पान उघडलं, श्वास सोडला आणि म्हणाले, “ताई, तुमच्या नावापुढे पिवळं लिहिलंय. पण लाल हवं असेल तर परवापर्यंत करून देऊ.” एका दमात मी त्याआधी एवढं लांब बोलले नव्हते. त्यांनी पान बघितलं, त्यांच्या यजमानांनी पिवळं सांगितल्याचं त्यांना आठवलं आणि त्या पिवळीच मूर्ती घेऊन गेल्या. नंतर शेठना कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, “वही तुझ्याकडेच राहू दे.”

त्या पैशांतून माझी पुस्तकं आणि पांढरा कोट आला.

आता रोह्याचं. पेण ते रोहा रस्त्याने चाळीसेक किलोमीटर. नागोठण्यावरून एसटीने फार वेळ लागत नाही. पण माझ्यासाठी ते दुसरं जग होतं. पेणमध्ये ‘कुणाची गं तू?’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं. बारावीनंतर, १९९६ साली, नोकरी शोधायला रोह्याच्या नदीपलीकडच्या अष्टमी गावी मामाकडे राहायला गेले तेव्हा ते उत्तर निकामी झालं. ओळखीने मिळणारी नोकरी लाजाळू मुलाच्या सोयीची असते खरी. तोंड उघडावं लागत नाही, काका-काकू उघडतात. पण त्यामुळे विचारायची सवय लागायची राहून जाते, आणि ओळखीचं गाव संपलं की मूल पुन्हा पहिल्यासारखं दारात उभं राहतं. मला हे रोह्यात भोगावं लागलं.

रोह्यात मोठी माणसं मुलांना चिंतामणराव देशमुखांचं उदाहरण देतात. ते योग्यच आहे. हा माणूस या गावात वाढला, १९१२ साली मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिला आला, पुढे रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झाला. मामाही मला ते सांगायचे. पण माझे बारावीचे गुण बेताचे होते, आणि पहिल्या आलेल्या माणसाच्या गोष्टीतून मला धाटावच्या गेटवर काय बोलायचं ते कळत नव्हतं. मुलांना मोठ्यांची उदाहरणं जरूर द्यावीत. त्याबरोबर वॉचमनशी काय बोलायचं, हेही कुणीतरी शिकवावं.

मी टायपिंगच्या क्लासमधून बायोडेटा टाइप करून घेतला, त्याच्या प्रती काढल्या, अलिबागला जाऊन एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड काढलं. मग रोज सकाळी कुंडलिकेवरचा पूल ओलांडून रोहा स्टँडवर यायचं आणि कोलाडकडे जाणारी एसटी धरून धाटावला उतरायचं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कंपन्यांची गेटं. सकाळी तिथे मुलगे घोळक्याने उभे असत. ठेकेदाराचा माणूस येऊन हात मोजायचा आणि आत न्यायचा. त्या घोळक्यात मुलगी मी एकटीच. पावसाळा होता. छत्री, प्लॅस्टिकच्या पिशवीत बायोडेटा आणि तोंडात तेच वाक्य, या वेळी थोडं लांब, “काका, लॅबमध्ये काम आहे का? हा कागद आत द्याल का?”

हे वाक्य मी एसटीत कागदावर लिहून घ्यायची. गणपतीच्या वहीने मला तेवढं शिकवलं होतं, की आधी लिहिलेलं असलं की बोलता येतं. काही ठिकाणी वॉचमन कागद ठेवून घ्यायचे. काही म्हणायचे, “बायकांना घेत नाहीत इथं.” त्या काळी कारखान्यात बायकांना संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी सहाच्या आधी कामावर ठेवायला कायद्याने मनाई होती. तीन पाळ्यांच्या प्लांटमध्ये त्यामुळे बाई नकोच, असा सोपा हिशोब होता. लॅबची पाळी दिवसाची असते, हे मला मामांनी सांगितलं होतं. एका गेटवर मी तेही म्हणाले, “लॅबला जनरल शिफ्ट असते ना, काका?” वॉचमननी माझ्याकडे नीट बघितलं आणि आत फोन लावला. त्या दिवशी काम मिळालं नाही. पण उलटून एक प्रश्न विचारता आला, याचा मला परतीच्या एसटीत मनापासून आनंद झाला होता.

एके ठिकाणी आत बोलावलं. साहेबांनी बायोडेटा बघितला आणि म्हणाले, “स्वतःबद्दल सांगा.” मी गप्प. नाव, गाव, शिक्षण, सगळं त्यांच्या हातातल्या कागदावर होतं. त्यापलीकडे सांगण्यासारखं मला काही सुचेना. घड्याळाची टिकटिक ऐकू येण्याइतकी शांतता झाली. दुसऱ्या एका कंपनीत याच प्रश्नानंतर मला ‘कळवू’ म्हणून बाहेर पाठवलं होतं. हे साहेब मात्र थांबले. त्यांनी पुन्हा कागदाकडे बघितलं आणि विचारलं, “पेणच्या ना तुम्ही? गणपती रंगवलेत का कधी?”

मग मी बोलले. काठ कसा ओढतात, सोवळ्याचा रंग वाळण्याआधी सोनेरी का लावायचं नाही, पावसात रंग का फुटतो, हे सगळं. त्यांनी मला लॅबमध्ये नेलं, हातात पिपेट दिलं आणि पाणी खुणेपर्यंत ओढून एकेक थेंब सोडायला सांगितलं. माझा हात हलला नाही. दुसऱ्या दिवसापासून मी ठेकेदाराच्या हजेरीवर लॅबमध्ये काचसामान धुवायला लागले.

काचसामान धुणं हे लॅबमधलं सगळ्यात खालचं काम. पण ते नीट झालं नाही तर वरचं सगळं खोटं ठरतं. फ्लास्कमध्ये आधीच्या सॅम्पलचा अंश राहिला की पुढचा आकडा चुकतो. मी धुता धुता बघत राहिले. काही महिन्यांनी लॅबच्या मॅडमनी मला साधी टायट्रेशनं करायला दिली, मग सॅम्पलमधला ओलावा मोजायला शिकवलं.

दसऱ्यानंतर रोह्यात धावीर महाराजांची पालखी निघते. पोलिसांची सशस्त्र सलामी घेऊन पालखी देवळातून बाहेर पडते आणि सगळं गाव तिच्याबरोबर असतं. त्या दिवशी स्थानिक माणसांना सुटी हवीच असते. माझ्या दुसऱ्या वर्षी त्या दिवशी लॅबमध्ये मॅडम आणि मी अशा दोघीच होतो. ड्रायरमधला माल तयार झाला का ते बघायला सॅम्पल आलं. मी ओलावा काढला. मर्यादेपेक्षा जास्त. पुन्हा काढला, तोच आकडा. इतक्यात इंटरकॉम वाजला. प्लांटवाल्यांना माल बाहेर काढायचा होता, ड्रम लावून माणसं उभी होती आणि त्यांनाही पालखीला जायचं होतं.

मी मॅडमकडे बघितलं. त्यांचे हात दुसऱ्या कामात अडकलेले होते. त्या तिथूनच म्हणाल्या, “आकडा तुझ्या हातचा आहे. तूच सांग. फक्त आकडा सांग, माफी मागू नकोस.”

मी रिसीव्हर उचलला आणि आकडा सांगितला. पलीकडून प्लांटच्या साहेबांचा आवाज चढला, “नीट बघितलंस का? मॅडमना दे फोन.” मी म्हणाले, “दोनदा काढलाय, साहेब. दोन्ही वेळा हाच आला. माल पास नाही.” ते तरातरा लॅबमध्ये आले. त्यांच्यासमोर मी तिसऱ्यांदा काढला. सुई जिथे थांबायची तिथेच थांबली. त्यांनी लॉगबुकात लिहिलं, ‘ड्रायर चालू ठेवला,’ आणि काही न बोलता गेले. पुढे याच साहेबांचा माझ्या आकड्यावर कुणाहीपेक्षा जास्त भरवसा बसला.

मॅडमनी रिसीव्हर हातात घेतला असता तर तो दिवस सोपा गेला असता आणि मी आणखी कितीतरी वर्षं त्यांच्या मागे उभी राहिले असते. लाजाळू मुलाच्या वतीने बोलणारी माणसं प्रेमळच असतात. माझी आई होती, काकू होत्या, मामा होते. पण एका टप्प्यावर कुणीतरी तो फोन न घेणारं भेटावं लागतं. आणि त्या माणसाने नुसतं ढकलून देऊ नये, काय बोलायचं तेही सांगावं. ‘फक्त आकडा सांग’ या शब्दांनी मला जे दिलं ते ‘धीट हो’ असं शंभर वेळा ऐकून मिळालं नव्हतं. रासायनिक कारखान्यात तर हा जिवाचा प्रश्न असतो. पंपाच्या ग्लँडमधून थेंब पडताना दिसला, वास वेगळा आला, तर सर्वांत नव्या पोरानेसुद्धा ते लगेच कुणाला तरी सांगितलं पाहिजे. म्हणून आम्ही नव्या मुलांना पहिल्याच दिवशी तीन वाक्यं तोंडपाठ करायला लावतो. मी कोण, कुठे उभा आहे, मला काय दिसतंय.

मी आजही गप्पांमध्ये कमी बोलते. लग्नकार्यात कोपरा शोधते. ते बदललं नाही आणि बदलावं असं आता वाटतही नाही. कामापुरतं बोलता येणं वेगळं आणि बोलका स्वभाव वेगळा. पहिलं शिकता येतं. दुसरं शिकायची काहीच गरज नसते. हा फरक मला सोळाव्या वर्षी कुणी सांगितला असता, तर ‘आपला स्वभावच बदलला पाहिजे’ या दडपणाखाली मी इतकी वर्षं काढली नसती.

आमच्या नात्यातला एक मुलगा असाच, चार माणसांत मान वर न करणारा. तो आता कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंगच्या होड्यांवर गाइड आहे. भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सकाळी सुटणारं पाणी नदीत येतं, म्हणून राफ्टिंग सकाळी चालतं. शहरातली अनोळखी माणसं होडीत बसवायची आणि खळाळत्या पाण्यात मोठ्याने ओरडून त्यांच्याकडून वल्ही मारून घ्यायची, हे त्याचं काम. त्याच्या आईला अजून ते खरं वाटत नाही. मला वाटतं. त्याच्या हुकमाचे शब्द ठरलेले आहेत, नदीतल्या जागा ठरलेल्या आहेत. होडीबाहेर आला की तो पुन्हा पूर्वीसारखाच गप्प असतो.

आता काळ बदलला आहे. पेणच्या कारखान्यांवर गेल्या काही वर्षांत अनिश्चिततेचं सावट होतं. २०२० साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सूचनांत प्लास्टरच्या मूर्तींवर बंदी आली, खटले झाले, जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मूर्ती घडवायला परवानगी दिली, पण विसर्जनाचा प्रश्न राहिलाच. या गोंधळात ‘पोरांना यात घालायला नको’ म्हणणारे पालक मला भेटतात. मला त्याचं वाईट वाटतं, कारण न बोलणाऱ्या पोराला सामावून घेणारी इतकी चांगली जागा या भागात दुसरी नाही. शाडूच्या कामाला तर हात जास्तच लागतात. धाटावला मात्र अठरा वर्षांखालच्या मुलांनी येऊ नये. २०१६ च्या दुरुस्तीनंतर बालकामगार कायदाही तेच सांगतो, चौदा वर्षांखाली कामावर ठेवता येत नाही आणि अठरापर्यंत धोक्याच्या उद्योगात घेता येत नाही. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजची नावनोंदणी आता ‘महास्वयं’ पोर्टलवर घरबसल्या होते. २०२४ पासून मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आहे. बारावी झालेल्यांना महिना ६,००० रुपये, आयटीआय-पदविकावाल्यांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये विद्यावेतन. लाजाळू मुलांसाठी मला ही योजना फार मोलाची वाटते. आत शिरल्यावर काही महिने मिळतात, आणि या मुलांना तेवढाच वेळ हवा असतो. पहिल्या दहा मिनिटांत त्यांची पारख होत नाही.

आम्ही मुलाखतीला आलेल्यांना ‘स्वतःबद्दल सांगा’ हे आता शेवटी विचारतो. आधी त्यांना ओट्याजवळ नेतो, ब्युरेट वाचायला देतो, वाचलेला आकडा कागदावर लिहायला सांगतो आणि मग तो मोठ्याने सांगायला सांगतो. घरी काय काम करता, हेही विचारतो. कुणी भातलावणी सांगतं, कुणी मिठागर, कुणी वडिलांच्या टेम्पोचा हिशोब. त्यावर ती मुलं बोलतात. पालक बरोबर आले असतील तर त्यांना चहा पाजून बाहेर बसवतो. मुलाला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आई-वडिलांनी दिलं, तर आम्हाला मुलाबद्दल काहीच कळत नाही.

पेण-रोह्यातल्या दुकानदारांना, कारखानदारांना, दवाखाने आणि क्लासवाल्यांना माझी एक विनंती आहे. ‘कामासाठी मुलगा-मुलगी पाहिजे’ एवढाच पुठ्ठा टांगू नका. काम काय आहे, किती ते किती, पगार किती, कुणाला भेटायचं आणि कोणत्या वेळी, हे चार ओळींत लिहा. खाली एक ओळ आणखी लिहा, ‘अनुभव नसला तरी चालेल, आत येऊन नाव लिहून द्या,’ आणि गल्ल्यावर एक वही ठेवा. सुट्या लागायच्या आत एवढं करा.